राहिलेले ऐंशी नमुने

केंद्राच्या खात्यावर सव्वीस लाख रुपये शिल्लक आहेत हे कळलं, तेव्हा डॉ. पौर्णिमा मोहोड यांना आधी बरंच वाटलं.

अमरावती आणि अकोल्याच्या पाच महाविद्यालयांनी मिळून हे सामायिक उपकरण केंद्र काढलं त्याला सात वर्षं झाली होती. माती, पाणी, धान्य यांतले धातू मोजणारं यंत्र एकट्या कुठल्याच महाविद्यालयाला परवडत नव्हतं. म्हणून पाचांनी अनुदान मिळवलं, अमरावतीत एका महाविद्यालयाच्या मागच्या बाजूची रिकामी इमारत घेतली, आणि रसायनशास्त्राच्या मोहोड मॅडमना प्रमुख केलं. ज्याला काम असेल त्यानं नमुन्यामागे ठरलेले पैसे भरायचे, त्यातून केंद्र चालायचं. ना नफा, ना तोटा, असं करारात लिहिलेलं होतं.

पहिली दोन वर्षं तर मॅडम तोट्याच्याच भीतीत होत्या. म्हणून शिल्लक ऐकून त्यांना वाटलं, चला, आपण नीट चालवलं.

जानेवारीत केंद्राच्या समितीचे अध्यक्ष, प्राचार्य गोवर्धन टाले यांचा फोन आला.

"मॅडम, बैठकीआधी दोन पानांचं टिपण द्या. पैसा कुठून आला आणि करायचं काय. माझं मत तुम्हाला माहीत आहे. मुदत ठेवीत टाकायचा आणि हात लावायचा नाही."

"आणि अकोलेकर?"

"आरती मॅडमना दुसरं यंत्र पाहिजे. त्यांचं नेहमीचंच आहे."

मॅडमचंही स्वतःचं एक मागणं होतं. मे महिन्यात यंत्राची खोली इतकी तापायची की दुपारी बारानंतर काम बंद ठेवावं लागे. दोन चांगले एसी आणि वीज गेली तरी चालणारी व्यवस्था, एवढं तरी या पैशांतून करून घ्यावं असं त्यांच्या मनात होतं. टिपणात ते कसं बसवायचं याचा विचार करतच त्या दुसऱ्या दिवशी केंद्रात आल्या.

देवमन खंडारे यंत्र चालवायचा. भातकुलीहून रोज गाडीवर यायचा. सात वर्षांत यंत्राचा आवाज बदलला तरी त्याला बाहेरच्या खोलीत बसून कळायचं.

"देवमनभाऊ, कंपन्यांचं काम चांगलं वाढलेलं दिसतं आपल्याकडे," मॅडम म्हणाल्या.

"कंपन्याचं?" देवमन हसला. "वर्साचे तीनचारशे नमुने असतीन त्यायचे. बाकी सारे पोट्टे-पोट्टीच न मॅडम. पीएचडीवाले."

मॅडमनी हिशेब काढला. नमुन्यामागे साडेसहाशे रुपये हा दर त्यांनीच सात वर्षांपूर्वी ठरवला होता. वर्षाला सहाशे नमुने येतील असं धरून वायू, रसायनं, वीज, पगार, दुरुस्ती सगळं भागलं होतं. आता वर्षाला बावीसशे नमुने येत होते. त्यांनी तेच गणित पुन्हा मांडलं. उत्तर तीनशे चाळीस आलं.

दर कधीच बदलला नव्हता. कुणी तक्रार केली नव्हती, आणि तक्रार नसेल तर बदलायचं कशाला, असं दर वर्षी एप्रिलमध्ये झालं होतं.

मग त्यांनी अर्जांचे गठ्ठे मागवले. कोणाकडून किती आले याची यादी टिपणाला जोडायची होती, एवढंच. तिसऱ्या गठ्ठ्यात एक अर्ज पाहताना त्या थांबल्या. 'नमुन्यांची संख्या' या रकान्यात आधी ९० लिहिलेलं होतं, ते खोडून ३०. शेजारी प्रमुखांची छोटी सही. अर्जात खाडाखोड असेल तर प्रमुखांची सही लागते, हा नियमही त्यांचाच. पुढे आणखी एक सापडला, ६० चे २५. मग आणखी एक. संध्याकाळपर्यंत असे एकतीस अर्ज निघाले. एकतीसही ठिकाणी पौ. मो.

त्यांतला एक अर्ज वर्षाली काळमेघ या मुलीचा होता. १२० खोडून ४०. तारीख चार वर्षांपूर्वीची.

ती मुलगी मॅडमना चांगली आठवत होती. दर्यापूरकडची, उंच, हळू बोलणारी. खारपाणपट्ट्यातल्या चाळीस शेतांतली माती घेऊन ती आली होती. प्रत्येक शेतातून तीन नमुने, वरचा थर, एक फुटावरचा आणि दोन फुटांवरचा. हरभऱ्याला जमिनीतून जस्त किती मिळतं हा तिचा विषय. तिची शिष्यवृत्ती अडकली होती. तिनं विचारलं होतं, "मॅडम, पैसे हप्त्यानं दिले तर चालतील का?"

"नियम सगळ्यांना सारखा आहे," असं मॅडम म्हणाल्या होत्या. ते त्यांना आजही चूक वाटत नव्हतं. पण मुलगी डोळे खाली घालून उभीच राहिली, तेव्हा तिला बरं वाटावं म्हणून त्या पुढे म्हणाल्या होत्या, "अगं, वरच्या थराचे चाळीस घे. चाळीसही पुरतील."

मुलीनं तिथंच टेबलावर आकडा खोडला होता.

आणि चाळीस पुरणार नाहीत हे मॅडमना त्या वेळीही माहीत होतं. रब्बीत वरचा थर सुकून जातो. हरभरा खालच्या ओलीवर वाढतो. त्यांचे वडील भातकुली तालुक्यात हरभरा पेरायचे. हे कळायला पुस्तक लागत नव्हतं. मुलीची अडचण त्यांना त्या क्षणी संपवायची होती, समोरून जावी एवढ्यासाठी. म्हणून त्यांनी सल्ला दिला, आणि सल्ला देणारी बाई प्राध्यापक असल्यामुळे तो खरा ठरला.

टिपण त्या दिवशी लिहून झालं नाही.

पुढच्या रविवारी मॅडम दर्यापूरच्या एसटीत बसल्या. फोन केला असता तर बोलणं दोन मिनिटांत संपलं असतं, आणि तेच त्यांना नको होतं. वर्षालीचं घर दर्यापूरपासून सात-आठ किलोमीटरवरच्या गावात होतं. स्टँडवरून जीप मिळाली. दोन्ही बाजूंना सपाट काळी जमीन आणि तिच्यावर घाट्यांवर आलेला हरभरा.

अंगणात खुशालराव काळमेघ, वर्षालीचे वडील, फवारणीचा पंप धूत होते. मॅडमनी नाव सांगितलं तसे त्यांनी हात पुसले आणि आत हाक मारली. वर्षालीची आई मैनाबाई बाहेर आल्या.

"तुमीच का त्या मशिनवाल्या मॅडम? या, या. बसा. वर्षू वावरात गेली, येतेच." त्यांनी पाणी दिलं आणि लगेच म्हणाल्या, "बरं झालं आल्या तं. आता तुमीच सांगा तिले. चार वर्सं झाले, मातीची पेटी भरून ठेवली हाये पलंगाखाली. मी म्हनतो फेक, तं फेकू देत नाई. माती काहून जपून ठेवा लागते कोनाले? बाहीर एवढी पडली हाये."

खुशालराव हसले नाहीत. "तिचं काम हाये ते," एवढंच म्हणाले.

वर्षाली आली ती सायकलवरून. मॅडमना पाहून तिनं सायकल भिंतीला टेकवली आणि नमस्कार केला. ती आता दर्यापूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होती. पीएचडी दोन वर्षांपूर्वी मिळाली होती.

चहा झाल्यावर मॅडमनी सगळं सांगितलं. दर कसा ठरला, तो कसा तसाच राहिला, शिल्लक किती, एकतीस अर्ज.

"म्हंजे आमचे पैसे जास्तीचे घेतले तुमी," खुशालराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. समजून घेतल्यासारखं ते म्हणाले.

"हो."

"मंग वापस करून राहिले का?"

"एकेकाला परत द्यायची सोय नियमांत नाही, खुशालराव. मी विचारलं. पण दुसरं काही करता येतं का ते पाहतेय. त्यासाठीच आले."

वर्षाली आतापर्यंत जमिनीकडे पाहत होती. तिनं मान वर केली. "पैसे नको, असं मी म्हणणार नाही मॅडम. तेव्हा सव्वीस हजार भरले होते, ते बाबांनी दिले होते. पण तुम्ही एक सांगा मला. चाळीस पुरतील असं तुम्ही म्हणाल्या होत्या. ते पुरणार होते का?"

मॅडमना बसमध्ये या प्रश्नाची भीती वाटत होती. त्यांनी मनात दोनतीन उत्तरं तयार केली होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं."

वर्षाली उठून आत गेली. बराच वेळ ती बाहेर आली नाही. मैनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग कपबशा उचलून नेल्या. मॅडम खुर्चीत तशाच बसल्या. निघून जावं असं एकदा वाटलं, पण ते बरं दिसणार नव्हतं आणि जीपही तासभर नव्हती.

वर्षाली आली तेव्हा तिच्या हातात लोखंडी पेटी होती. तिनं ती अंगणात ठेवली आणि झाकण उघडलं. प्लास्टिकच्या छोट्या पिशव्या, प्रत्येकीवर शेताचा क्रमांक, खोली आणि तारीख.

"ऐंशी आहेत," ती म्हणाली. "माझ्या प्रबंधात लिहिलं आहे मी, या भागात जस्ताची कमतरता नाही म्हणून. वरच्या थरावरून. तोंडी परीक्षेत कोणी विचारलंसुद्धा नाही. पण गावात लोकांनी विचारलं. पोरगी शिकली, माती तपासून आली, तर काय निघालं? मी सांगितलं, जस्त टाकायची गरज नाही. बाबांनी तेव्हापासून टाकलं नाही. बाकीच्यांनीही बंद केलं." तिनं एक पिशवी उचलली आणि परत ठेवली. "तुम्हाला माहीत होतं ना? मलाही होतं, मॅडम. म्हणून ही पेटी आहे."

खुशालराव म्हणाले, "हे मशिनवर घालून द्या. बाकी तुमचं तुमी पाहा."

बैठक फेब्रुवारीत झाली. अकोल्याहून डॉ. आरती गावंडे आल्या, बाकी तिघे प्रतिनिधी अमरावतीचेच. मॅडमचं टिपण दोन पानांचंच होतं, पण एसीचा त्यात उल्लेख नव्हता. तीन गोष्टी मागितल्या होत्या. दर साडेतीनशे करावा आणि यापुढे दर वर्षी नव्याने काढावा. एका मोठ्या दुरुस्तीपुरते बारा लाख राखून ठेवावेत. आणि पैशांअभावी ज्यांनी नमुने कमी केले त्यांचे राहिलेले नमुने केंद्रानं विनामूल्य करून द्यावेत.

टाले सरांनी चष्मा काढला. "मॅडम, मी तुमच्या विरोधात नाही. पण आपल्याकडे सरकारी यंत्रं कशी मरतात ते मी पाहिलं आहे. पंप जातो, पाच लाखांचा सुटा भाग परदेशातून येतो, पैसे नसतात. यंत्रावर कापड टाकून ठेवतात आणि वीस वर्षांनी भंगारात देतात. आज आपल्याकडे पैसे आहेत म्हणून यंत्र चालू आहे. हे पैसे म्हणजे उद्याच्या पोरांची सोय आहे."

हे खोटं नव्हतं. दोघा प्रतिनिधींनी माना हलवल्या.

"बारा लाख त्यासाठीच मागितलेत सर," मॅडम म्हणाल्या. "पण उद्याच्या पोरांची सोय कालच्या पोरांच्या खिशातून केली आपण. त्यांना विचारलं नाही. शिवाय त्यांनी जे कमी केलं ते फक्त पैशांचं नव्हतं. या एकतीस प्रबंधांत काय निघालं असतं ते आपल्याला माहीत नाही. आपलं काम मोजायचं आहे, आणि आपल्यामुळे मोजायचं राहिलं."

"आपल्यामुळे म्हणजे?" आरती मॅडमनी विचारलं. "दर कोणी ठरवला होता?"

"मी."

"आणि या खाडाखोडीवर सह्या?"

"माझ्याच. टिपणाच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलं आहे."

आरती मॅडमनी पान उलटलं. तो परिच्छेद कोणी वाचला नव्हता. सगळे आकड्यांवरच थांबले होते. आता सगळ्यांनी वाचला. टाले सर थोडे अवघडले. "हे लिहायची गरज नव्हती, मॅडम. हे कागद पुढे फायलीत जातात."

"म्हणूनच लिहिलं सर."

तासभर चाललं. आरती मॅडमना यंत्र हवंच होतं. अकोल्याच्या मुलांना प्रत्येक वेळी अमरावतीला यावं लागतं, जाण्यायेण्यात दिवस जातो, हे त्यांचं म्हणणंही खरंच होतं. शेवटी त्याच म्हणाल्या, "एकतीसपैकी किती अकोल्याचे आहेत?" मॅडमनी सांगितलं, अकरा. "त्यांतली दोन माझी असतील," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सुचवलं, "चार महिने करा. फक्त शनिवारी. देवमनला जादा कामाचे पैसे याच शिल्लकीतून द्या, नाहीतर पुन्हा कोणाच्या तरी माथी फुकटचं काम. आणि सप्टेंबरमध्ये जे उरेल त्यावर माझा अर्ज पहिला."

दर चारशे ठरला, साडेतीनशे नाही. राखीव पंधरा लाख, बारा नाही. बाकी मंजूर झालं. निघताना टाले सर मॅडमजवळ थांबले. "माझी मुलगी पुण्याला पीएचडी करतेय," ते म्हणाले. आणखी काही सांगणार होते असं वाटलं, पण गाडी आली होती.

एकतीस जणांना पत्रं गेली. नऊ पत्रं पत्ता बदलला म्हणून परत आली. अकोल्यात बँकेत लागलेल्या एका मुलाचा फोन आला. तो हसून म्हणाला, "आता कशाला मॅडम? माती कधीच टाकून दिली. पण फोन केला बरं का, पत्र वाचून बरं वाटलं." एका मुलीनं पीएचडीच सोडली होती, तिला मॅडमनी फोन केला, तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि "ठीक आहे" म्हणून ठेवला. ते "ठीक आहे" मॅडमच्या मनात बरेच दिवस राहिलं. प्रत्यक्षात सातजण आले.

वर्षाली मार्चच्या पहिल्या शनिवारी पेटी घेऊन आली. देवमननं पिशव्या पाहिल्या, अक्षर पाहिलं आणि म्हणाला, "काम साफ हाये तुमचं. पन एक करा. चार वर्सं माती पडून होती. तवाचे वरच्या थराचे उरले असतीन तं त्यातले धाएक पुन्हा घ्या. जुने आकडे जुळले तं मंग कोनी बोट दाखवनार नाई."

"उरले आहेत," वर्षाली म्हणाली. मॅडमना हे आधी सुचायला हवं होतं. त्यांनी देवमनकडे पाहिलं. तो कामाला लागला होता.

माती तोलायची, द्रावणात घालून दोन तास हलवायची, गाळायची आणि यंत्रावर द्यायची. तीन शनिवार लागले. मॅडम स्वतः गाळायला बसायच्या. पहिल्या शनिवारी वर्षाली त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. दुसऱ्या शनिवारी तिनं मैनाबाईंनी दिलेला डबा तिघांत वाटला. त्या दिवशी तिनं कॉलेजातल्या मुलांबद्दल बरंच सांगितलं. मॅडम ऐकत राहिल्या.

जुने दहा जुळले. खालच्या थरांचे आकडे तिसऱ्या शनिवारी दुपारी पूर्ण झाले. वर्षालीनं ते शेतांच्या नकाशावर पेन्सिलीनं भरले. चाळीसपैकी तेवीस शेतांत दोन फुटांवर जस्त फारच कमी होतं. वरचा थर पाहून ते कळायला काहीच मार्ग नव्हता.

तिनं त्या तेवीस शेतांभोवती एकेक गोल काढला.

"तुझ्या पदवीला काही होणार नाही," मॅडम म्हणाल्या. "जे मोजलं होतं ते बरोबरच होतं."

"पदवीचं नाही विचारत मी. बाबांचं शेत तेवीसांत आहे." तिनं पेन्सिल खाली ठेवली. "माझा लेख ज्या मासिकात आला होता, त्याला दुरुस्ती लिहून पाठवते."

"त्यात माझं नाव घाल. तो सल्ला माझा होता, असं स्पष्ट लिही."

वर्षालीनं मान हलवली. "मासिक कोण वाचतं मॅडम? आमच्या गावात कोणी वाचत नाही. तुम्ही गावात या. तिथं सांगा."

म्हणून एप्रिलच्या एका सकाळी, ऊन चढायच्या आत, त्या गावातल्या सभागृहात पंचवीस-तीस माणसं बसली. हरभरा निघून गेला होता. चाळीसपैकी बहुतेक शेतांचे मालक होते. वर्षाली उभी राहिली आणि घरात बोलतात त्या बोलीत तिनं सांगितलं की मी आधी जे सांगितलं ते अर्धं होतं, वरची माती पाहिली, खालची पाहिली नाही, आता पाहिली. तिनं तेवीस शेतांचे क्रमांक वाचले.

"आदी एक सांगतलं, आता दुसरं," मागून गोपाल नावाचा एकजण म्हणाला. "पुढच्या साली तिसरं सांगशीन. आमी कोन्तं धराचं?"

दोघंतिघं हसले. वर्षालीचा चेहरा लाल झाला. मॅडम उठल्या.

"खालची माती तिनं चार वर्षांपूर्वीच आणली होती," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे. आमचा दर जास्त होता, तिच्याकडे पैसे नव्हते, आणि मी तिला सांगितलं की वरची पुरेल. ते बरोबर नव्हतं आणि मला ते ठाऊक होतं. तिनं माती टाकली नाही, म्हणून आज हे सांगता आलं. चूक माझी आहे. तिची नाही."

पहिल्या ओळीत खुशालराव मांडीवर हात ठेवून बसले होते. त्यांनी मॅडमकडे पाहिलं आणि मग पोरीकडे.

"मंग जस्त टाकाचं का नाई आता?" त्यांनी विचारलं. "एकरी किती?"

"लगेच सगळ्यात नाही टाकायचं, बाबा," वर्षाली म्हणाली. "वरून टाकलेलं खाली पोचते का तेच माईत नाई. पुढच्या रब्बीत चार ओळीत फवारून पाहू, चार ओळी तशाच ठेवू. दाना तोलू. मंग सांगन."

भिंतीकडेला माणिकबाई बसल्या होत्या. नवरा गेल्यापासून चार एकर त्याच करायच्या. त्या म्हणाल्या, "माह्या वावराचा नंबर तू वाचला नाई. सतराचा आकडा माहा. म्हंजे माह्यात कमी नाई. मंग दोन सालापासून दाना बारीक काहून येऊन राह्यला?"

वर्षालीनं नकाशा पाहिला. सतरा नंबरच्या शेतात वरही जस्त होतं आणि खालीही. तिनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी नकारार्थी मान हलवली.

"मले माईत नाई, काकू," वर्षाली म्हणाली. "पाहा लागन."

"मंग पाह्य न बाई," माणिकबाई म्हणाल्या. "आज येते का? मोकळंच हाये वावर."

सभा उठली तेव्हा साडेनऊ वाजले होते. खुशालरावांनी घरून टिकाव आणि घमेलं आणलं, वर्षालीनं नमुन्यांच्या रिकाम्या पिशव्या. गोपालही मागे मागे आला. आपण फक्त पाहायला आलो असं त्यानं दोनदा सांगितलं. माणिकबाईंच्या शेतात भेगा पडलेली जमीन कडक झाली होती. अर्धा फूट खणेपर्यंत खुशालरावांना घाम आला. मग गोपालनं त्यांच्या हातातून टिकाव घेतला.

"किती खोल जाचं?" त्यानं विचारलं.

वर्षालीनं मॅडमना विचारलं नाही. तिनं खड्ड्यात उतरून हातानं माती चाचपली, मूठभर वर काढली, दाबून पाहिली.

"तीन फूट," ती म्हणाली. "ओल लागेपर्यंत."

मॅडमनी पर्समधून पेन काढलं आणि पिशवीवर शेताचा क्रमांक, तारीख लिहिली. खोलीची जागा त्यांनी रिकामी सोडली, आणि पिशवीचं तोंड उघडं धरून त्या बांधावर उभ्या राहिल्या.